ताई गोळ्याचं वजन विचारते, तेव्हा नीट ऐका

खेळाच्या सामानाचं दुकान टाकायचं म्हणणाऱ्यांकडून एक वाक्य मी हमखास ऐकतो: "सर, टेक्निकल माहितीचा नाद पोरांना, पोरी फक्त रंग पाहतात." हे धरून माल भरलात तर भांडवल अडकलंच समजा.

अर्धी गोष्ट खरी आहे. अल्लीपूरला माझ्या काउंटरवर पोरं बॅटवर तासभर बोलतात. काश्मीर विलो की इंग्लिश विलो, ग्रेन किती, स्ट्रोक कसा. त्यातले निम्मे टेनिस बॉलनंच खेळणार असतात, ते वेगळं! जास्त ग्रेन म्हणजे भारी बॅट, असं ठासून सांगतात. खरं तर ग्रेनवरून लाकूड किती वर्षांचं ते कळतं, बॅट चालेलच याची खात्री त्यात नसते. ऐकून घ्या, पण बोलणं म्हणजे खरेदी नाही.

आता पोलीस भरतीची तयारी करणारी मुलगी पाहा. ती विचारते, "भाऊ, गोळा बरोबर चार किलो भरते का? लोखंडी आहे की पितळी? माझ्या हातात बसंल ना?"

शिपाई भरतीच्या ५० गुणांच्या मैदानी चाचणीत गोळाफेकीला १५ गुण आहेत. मुलांचा गोळा ७.२६ किलोचा, मुलींचा ४ किलोचा. पितळ लोखंडापेक्षा जड, म्हणून त्याच वजनाचा पितळी गोळा आकारानं थोडा लहान होतो आणि लहान पंजात नीट बसतो. म्हणजे तिचा प्रश्न शंभर टक्के टेक्निकल आहे. फक्त तिनं 'डायमीटर' हा शब्द वापरला नाही. तिची नोकरी त्यावर अडली आहे, पोराची बॅट शौकाची आहे. मला तरी फरक इथंच दिसतो: कोण खेळतंय आणि कशासाठी. मुलगा की मुलगी, हे त्यानंतर.

अजून एक. सोबत बाबा किंवा भाऊ आले की बरेच दुकानदार त्यांच्याकडेच बघून बोलतात. मग मुलगी गप्प बसते आणि दुकानदार म्हणतो, हिला इंटरेस्ट नाही! सामान तिच्या हातात द्या, बोला तिच्याशीच.

बरं, मुलींचं माप तुमच्याकडे असतं का? बास्केटबॉल मुलांचा ७ नंबर, मुलींचा ६ नंबर. भाला ८०० ग्रॅम आणि ६०० ग्रॅम. महिलांचा लेदर बॉल १४० ते १५१ ग्रॅम, पुरुषांचा साधारण १५६ ते १६३. दुकानात सगळं मुलांच्याच मापाचं असेल तर ती विचारणार तरी काय? २ नोव्हेंबर २०२५ ला आपल्या मुलींनी नवी मुंबईत वर्ल्ड कप जिंकला, त्या टीममध्ये सांगलीची स्मृती मानधना होती. आता खेड्यातली मुलगीही बॅट मागायला येईल, तेव्हा तिच्या उंचीची, तिला पेलेल अशी हलकी बॅट काढून दाखवता आली पाहिजे.

सुरुवातीला फार माल नको. ४ किलोचे दोन-तीन गोळे, ६ नंबरचा एक बॉल, मुलींच्या मापाचे रनिंग शूज. आणि काउंटरवर एक वजनकाटा ठेवा. गोळा गिऱ्हाइकासमोरच मोजून द्या.