विज्ञान अवघड की विज्ञानाची भाषा अवघड?

'आमच्या मुलाला विज्ञान झेपत नाही,' असे उद्गार पालकांच्या तोंडून आम्ही नेहमी ऐकतो. एकदा मुलगा 'ढ' ठरला की पालक मोकळे होतात आणि मूलही स्वतःला तसेच समजू लागते. हा निकाल कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी दोन उदाहरणे सभासद व विद्यार्थी यांच्यापुढे ठेवीत आहोत.

पहिले उदाहरण केनिया देशातील आहे. तेथील प्वानी या खेड्यातील माध्यमिक शाळेत पीटर ताबिची हे गणित व भौतिकशास्त्र शिकवीत. शाळेत संगणक एकच, एका शिक्षकामागे ५८ विद्यार्थी आणि बहुतेक मुले गरीब घरांतील. पगारातील ८० टक्के रक्कम ते गरजूंसाठी देत. त्यांनी विज्ञान मंडळ वाढविले व मुलांना स्वतः प्रकल्प करावयास लावले. अंध व कर्णबधिर व्यक्तींना वस्तूंचे मोजमाप घेता यावे, असे साधन या मुलांनी तयार केले. २०१९ साली ताबिची यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी हा मान सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांच्याकडे आला.

दुसरे उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. १९८० च्या सुमारास त्यांनी व सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींचे विद्यार्थी निवडून त्यांना मार्गदर्शन केले. मुले मागे का पडतात, याचा शोध घेता असे दिसले की बुद्धी कमी नव्हती. पुस्तकातील भाषा घरच्या बोलीपासून दूर होती आणि अभ्यासाची पद्धत कोणी शिकविली नव्हती. या उणिवा भरून काढताच मुलांची प्रगती स्पष्ट दिसू लागली.

आमचेच एक साधे उदाहरण देतो. 'द्रवाचे वायुरूपात होणारे रूपांतर म्हणजे बाष्पीभवन' ही व्याख्या मूल पाठ करते व विसरते. त्याऐवजी त्याला विचारावे: दोरीवरचा ओला कपडा वाळला, मग पाणी गेले कुठे? ते न उकळताच वाफ होऊन हवेत मिसळले, हे त्याला स्वतःच सुचते. त्यानंतर 'बाष्पीभवन' हा शब्द सांगावा. अनुभव आधी, नाव नंतर!

उलव्यात तर प्रयोगशाळा दाराशीच आहे. खाडीकाठी सुरक्षित जागी मोठ्या माणसासोबत उभे राहून आठवडाभर भरतीची वेळ वहीत लिहावी. ती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते. असे का, हा प्रश्न विद्यार्थ्याला थेट चंद्रापर्यंत घेऊन जाईल.

होमी भाभा केंद्र आज मानखुर्दला आहे. बामणडोंगरीहून गाडी धरून नेरूळला उतरावे व तेथून हार्बरची गाडी घ्यावी, एवढेच त्याचे अंतर.

पालकांना आमची विनंती एकच. गुणपत्रिका हाती येताच मुलाला ढ म्हणू नका. धडा त्याला त्याच्या शब्दांत सांगायला लावा. तो जेथे अडखळेल, तेथूनच शिकवायला सुरुवात करा. आणि विद्यार्थ्यांनो, 'समजले नाही' असे वर्गात उभे राहून सांगण्यात कमीपणा मुळीच नाही. विज्ञानाची सुरुवात तेथूनच होते.