मोहोराची वाट पाहताना

पंचांगातील वसंत ऋतू चैत्राबरोबर सुरू होतो. अलिबाग तालुक्यातील किहीमच्या वाड्यांमध्ये मात्र त्याची चाहूल मार्गशीर्षापासूनच घेतली जाते. मांडव्याच्या धक्क्यावर उतरून शनिवार-रविवारपुरते येणाऱ्या मुंबईकरांना या दिवसांत वाडी निजल्यासारखी वाटते. भात कापून झालेले असते, आंब्याला फळ नसते. वाडीवाल्याचे सर्वांत जागरूक दिवस मात्र हेच.

चेक लेखक कारेल चापेक याने १९२९ मध्ये बागवानाच्या वर्षावर महिनावार खुसखुशीत पुस्तक लिहिले. त्याच्याकडील बागवान गोठलेली जमीन मऊ होण्याची वाट पाहतो. कोकणात जमीन गोठत नाही. येथे प्रतीक्षा असते ती थंडी सरण्याची नव्हे, तर थंडी पडण्याची.

याचे कारण आंब्याच्या स्वभावात आहे. पावसाळा ओसरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास झाडाला नवी पालवी फुटते. ती जून झाली आणि रात्री गारवा पडू लागला, की शेंड्यावरचा डोळा मोहोराकडे वळतो. पालवी लांबली किंवा गारवा रेंगाळला, तर मोहोरही लांबतो. म्हणून रोज सकाळी दव ओले असतानाच शेंडे निरखण्याचा परिपाठ सुरू होतो. सडपातळ, टोकदार डोळा बहुधा पालवीचा. फुगीर, गुबगुबीत डोळा मोहोराचा. हा फरक ओळखता येण्यातच निम्मा आनंद आहे.

मोहोर आला म्हणजे आंबा आला, असे नव्हे. एका तुऱ्यावर शेकडो फुले असतात. त्यांपैकी बरीचशी नरफुले. फळ धरते ते मोजक्या उभयलिंगी फुलांतून, आणि अखेरपर्यंत तुऱ्यावर टिकते एखादेच. परागीभवनाचे काम मुख्यतः माश्यांसारखे कीटक करतात. शहरात हात झटकायला लावणारी घोंघाव येथे कानाला सुखावते. ढगाळ, दमट हवा मात्र जीव टांगणीला लावते. तिच्यात भुरी आणि तुडतुडे वाढतात, आणि तुडतुड्यांच्या चिकट स्रावावर काजळी धरून मोहोर काळवंडतो. हापूसची तऱ्हा आणखी निराळी. थंडी फार लांबली तर वाटाण्याएवढी फळे धरलेल्या फांदीवर पुन्हा मोहोर येतो आणि आधीची फळे गळतात. जिची आतुरतेने वाट पाहिली, तीच थंडी मग नकोशी होते.

ही वाट कमी करण्याचा उपायही आहे. पावसाळ्यात झाडाच्या बुंध्याभोवती पॅक्लोब्युट्राझोल दिले, तर शाखीय वाढ मंदावून मोहोर लवकर येतो. बाजारात लवकर पोहोचणाऱ्या फळाला चढा भाव असतो, तेव्हा त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. घरापुरती चार झाडे राखणारा मात्र सहसा त्या फंदात पडत नाही.

माडाला या साऱ्याची पर्वा नसते. त्याला जवळपास दर महिन्याला नवी पोय येते आणि नारळ पक्व होण्यास सुमारे वर्ष लागते. आज उतरवलेला नारळ गेल्या हिवाळ्यातील फुलाचा असतो. दरम्यान, भात निघालेल्या जमिनीत पांढऱ्या कांद्याची लावणी होते आणि वालाच्या शेंगा भरू लागतात. त्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके उपडे ठेवून भोवती जाळ केला की पोपटी तयार होते. वसंताची वाट पाहण्याचा याहून रुचकर मार्ग रायगडात नाही.

पक्षिनिरीक्षक डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये किहीमला राहून सुगरण पक्ष्याच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला. ती वीण पावसाळ्यातली. हिवाळ्यात शिंदीच्या झाडांवर लोंबतात ती तिची रिकामी घरटी. ऊन चढू लागले की तांबटाची टुकटुक वाढते आणि मोहोराच्या वासाबरोबर तीही वाडीभर पसरते.

३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेला धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाने या प्रतीक्षेचे मापच बदलले. रायगडच्या किनाऱ्यावर माड, पोफळी आणि जुने आंबे मुळांसकट उन्मळले. ज्यांची झाडे गेली, त्यांना मोहोरासाठी एका हिवाळ्याची नव्हे, अनेक वर्षांची वाट पाहावी लागली. बाणवली माडाला फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. आंब्याचे कलम एक-दोन वर्षांतही मोहोरते. पण रोपाची शक्ती फळात खर्ची पडू नये, म्हणून पहिली तीन-चार वर्षे तो मोहोर खुडून टाकावा लागतो. ज्याची महिनोन् महिने वाट पाहिली, तो तुरा स्वतःच्याच हाताने मोडणे वाडीवाल्याच्या जिवावर येते.

त्या पावसाळ्यात लावलेल्या कलमांचा तो काळ आता सरला आहे. यापुढे त्यांच्यावर येणारा मोहोर खुडायचा नाही.