हे गोल्फ खेळणार, मग आपण काय करायचं?

माझे दीर सैन्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी आमच्या ह्यांना गोल्फचं वेड लावलं. मग काय, ‘गोव्याला जाऊ, समुद्रही होईल अन् गोल्फही!’ हॉटेल शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे.

पहिल्या खेपेला मी फसले. ‘समुद्राजवळ’ एवढं वाचून पैसे भरले. समुद्र दिसायचा, पण गच्चीवरून! खोली दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे. हे पहाटेच गोल्फला. नऊ होल खेळायला दोन-अडीच तास लागतात, अठरा म्हटलं की चार तास तरी गेलेच. तोवर मी मुलांना आणि सासूबाईंना सांभाळत खोलीतच. घरी असते तशीच की!

पुढच्या वेळी हिशेब उलटा मांडला. आधी मागे राहणाऱ्यांची सोय, मग गोल्फ.

दक्षिण गोव्यात काणकोणजवळ राजबागला समुद्रालगत नऊ होलचं मैदान आहे. ते पंचतारांकित हॉटेलच्या आवारात. तिथं राहणं आपल्या खिशाला झेपत नाही. पण शेजारच्या पाटणे आणि पाळोळे किनाऱ्यांवर मध्यम दराची हॉटेलं आहेत. आपण तिथं उतरावं, खेळणाऱ्यानं सकाळी रिक्षानं मैदान गाठावं. मात्र मैदान चालू आहे ना, बाहेरच्यांना खेळू देतात का, फी किती, कॅडीचे पैसे वेगळे का, काठ्या भाड्यानं मिळतात का, हे बुकिंगआधीच फोन करून विचारा.

हॉटेलवाल्यालाही सोडू नका. तळमजल्याची खोली मिळेल का? किनारा पायी किती मिनिटं? मधे मोठा रस्ता आहे का? तलावात मुलांसाठी उथळ भाग आहे का? भाडं नाश्ता, कर आणि जादा गादी धरून किती? ‘होऊन जाईल, मॅडम’ या उत्तरावर तर मुळीच विसंबू नका. त्याच खोलीचे फोटो व्हॉट्सअॅपवर मागवा.

जून ते सप्टेंबर नकोच, समुद्र खवळलेला असतो. नाताळात दर गगनाला भिडतात. जानेवारीचा उत्तरार्ध आम्हाला मानवला.

सासूबाईंना श्रीस्थळचा मल्लिकार्जुन आणि पर्तगाळी मठ घडला, त्या खूश. मुलांना गालजीबागचा किनारा दाखवला. तिथं हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. कासव दिसलं नाही, पण जाळी लावून जपलेलं घरटं बघूनच पोरं हरखली.

टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, आपली अदिती अशोक गोल्फमध्ये चौथी आली, तेव्हा तिची बॅग सांभाळायला तिची आई होती. हे दीरांनी सांगितलं आणि मी म्हटलं, आपणही बघू! शेवटच्या दिवशी मुलं आजीजवळ, बॅग ह्यांच्या खांद्यावर आणि सरावाच्या जागी काठी माझ्या हातात. पहिले सहा चेंडू जागचे हलले नाहीत. सातवा मात्र गेला, आणि हे बघतच राहिले.