लंपनच्या गल्लीतून सुरुवात
सुट्टीतली पुस्तकं : लेखमाला, भाग 6

मार्चमध्ये सेकंड पीयूचा, म्हणजे बारावीचा, शेवटचा पेपर संपतो आणि बेळगाव-निपाणीकडच्या मुलामुलींसमोर एकदम मोकळा वेळ पसरतो. सीईटी देणाऱ्यांना आणखी काही दिवस कळ काढावी लागते, पण एप्रिल सरता सरता त्यांचीही सुटका होते. मग कुणी वाचनालयाच्या काउंटरशी येतं, कुणी घरातल्या वाचणाऱ्या मावशीला गाठतं आणि एकच गोष्ट मागतं : काहीतरी हलकंफुलकं द्या. फार रडवणारं नको आणि शिकवणारंही नको.

या मागणीकडे मोठी माणसं जरा नाराजीनंच बघतात. हातात ‘मृत्युंजय’ किंवा ‘ययाति’ ठेवतात. दोन्ही मोठी पुस्तकं आहेत आणि मागच्या भागात पौराणिक-ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल सविस्तर लिहिलंच आहे. पण वर्षभर क्लास, टेस्ट आणि मार्कांच्या हिशेबात पिळून निघालेल्या सतरा वर्षांच्या मुलाला कर्णाचं दुःख पेलायला आणखी एक सुट्टी लागेल. त्याची आजची मागणी रास्त आहे आणि तिला चांगलं उत्तर मिळायला हवं.

अशा कादंबरीत जग बुडत नाही. एखादी परीक्षा, एखादी मॅच, रुसलेला मित्र, पहिल्यांदाच कुणीतरी आवडायला लागणं, एवढाच ऐवज असतो. माणसं ओळखीची वाटतात आणि विनोद त्यांच्या स्वभावातून येतो. दुःख येतच नाही असं नाही, पण ते आलं की सांभाळायला शेजारी कुणीतरी असतं. जपान आणि कोरियात अशा मनाला उभारी देणाऱ्या कादंबऱ्यांची सध्या मोठी लाट आहे. तोशिकाझू कावागुची यांची ‘बिफोर द कॉफी गेट्स कोल्ड’ (2015) ही त्यांतली जगभर गाजलेली. टोकियोतल्या एका छोट्या कॅफेत एका ठरावीक खुर्चीवर बसलं की भूतकाळात जाता येतं, मात्र कप गार व्हायच्या आत परत यावं लागतं. बेळगावच्या कॉलेजांतली मुलंही ही पुस्तकं इंग्रजीतून वाचू लागली आहेत.

मराठीत अडचण वेगळीच आहे. वाचनालयात बालविभागाचं कपाट संपतं आणि थेट प्रौढांचं सुरू होतं. पंधरा ते वीस या वयासाठी मधलं कपाटच नसतं. ते आपणच लावायचं ठरवलं, तर पहिला खण सीमाभागानंच भरावा लागेल, कारण या वयाला हवा असलेला प्रसन्नपणा मराठीत सर्वांत सुंदर उतरला तो याच मातीत.

त्या मुलाचं नाव लंपन. प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ (1994), ‘शारदा संगीत’ (1997), ‘पंखा’ (2001) आणि ‘झुंबर’ (2004) या चार पुस्तकांचा तो नायक. काटेकोरपणे बोलायचं तर या कादंबऱ्या नाहीत, एकाच मुलाच्या दीर्घकथा आहेत. पण एकामागोमाग वाचत गेलं की चारही पुस्तकांची मिळून एक सलग कादंबरी मनात तयार होते. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा हा शाळकरी मुलगा आपली गोष्ट आपल्याच तोंडानं सांगतो. गाव बेळगाव परिसरातलं, मराठीत कानडी आणि कानडीत मराठी सहज मिसळलेलं. त्याच्या एका मित्राचं नाव कणबर्गी गंग्या. बेळगावच्या वाचकाला हे आडनाव कुठून आलं ते सांगावं लागत नाही, कणबर्गी शहराला लागूनच आहे.

लंपनची भाषा जवळून पाहण्यासारखी आहे. कुठलीही गोष्ट त्याला भिडली की ती ‘मॅडसारखी’ असते. आणि खूप, पुष्कळ, फार या शब्दांवर त्याचं भागत नाही. एखादी गोष्ट किती वेळा झाली हे सांगताना तो हजारांच्या घरातला एखादा नेमका आकडा ठोकून देतो, एकक-दशकासकट. आकडा अर्थातच मोजलेला नसतो. पण त्या नेमकेपणामुळे त्याची भावना एकदम खरी वाटते. लहान मुलाला ‘पुष्कळ’ हा शब्द किती तोकडा वाटतो, हे संतांनी अचूक हेरलं आहे. सुमी या मैत्रिणीबद्दल आपल्याला नक्की काय वाटतं, हे मात्र लंपनला कुठल्याच आकड्यात सांगता येत नाही. वाचकाला ते त्याच्या आधी कळतं. त्या कळण्यातच वाचणारा हसतो आणि हळवाही होतो.

हे सगळं लिहिणारे गृहस्थ पेशानं भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक होते. प्रकाश नारायण संत हे टोपणनाव, खरं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. कवयित्री इंदिरा संत आणि लेखक ना. मा. संत यांचे ते चिरंजीव. 1937 साली जन्मले, बेळगावात वाढले आणि पुढे कराडच्या कॉलेजात शिकवत राहिले. 1946 मध्ये वडील गेले तेव्हा ते जेमतेम नऊ वर्षांचे होते. लंपनच्या हसण्याखाली जो एक ओलसर थर सतत जाणवतो, तो इथून आलेला असावा. 2003 मध्ये अपघातात त्यांचं निधन झालं आणि ‘झुंबर’ त्यांच्या पश्चात वाचकांच्या हाती आलं. त्यांच्या पत्नी सुप्रिया दीक्षित यांनी ‘अमलताश’ या पुस्तकात या सहजीवनाविषयी लिहिलं आहे. लंपन आवडलेल्या वाचकानं पुढं कधीतरी तेही जरूर वाचावं.

सुरुवात कुठून करायची? ‘वनवास’पासून. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या आणि मराठी वाचताना अडखळणाऱ्या मुलामुलींनी आधी 2024 मध्ये सोनी लिव्हवर आलेली, निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली ‘लंपन’ ही मालिका पाहिली तरी बिघडत नाही. माणसं डोळ्यांसमोर उभी राहिली की पानं भराभर उलटतात. त्याहून सोपी वाट म्हणजे पहिली कथा घरात मोठ्यानं वाचणं. टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी किंवा शहापूरच्या गल्लीत कानावर पडतो तो हेल पानावरही ऐकू येतो. आपण घरात बोलतो तसं पुस्तकातही कुणी बोलतं, हे पहिल्यांदा कळण्याची गंमत सोळाव्या वर्षी फार मोठी असते.

सीमाभागातल्या मुलांसाठी या पुस्तकांचं मोल याहूनही जास्त आहे. 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, 1956 मध्ये राज्यपुनर्रचना झाली आणि तेव्हापासून ‘बेळगाव’ म्हटलं की मराठी माणसाला मोर्चा, खटला आणि घोषणा आठवतात. ती वेदना खरी आहे आणि अनेक घरांनी ती सोसली आहे. पण इथं मुलं लहानाची मोठीही होतात, गाणं शिकतात, मित्राशी भांडतात, आजीच्या हातचं खातात. लंपननं या गावाला त्याचं हे रोजचं, आनंदाचं रूप दिलं. इथल्या तरुण वाचकानं ते आपल्या हक्कानं वाचायला हवं.

लंपननंतर वयानं एक पायरी वर चढायचं, तर मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ (2004). आणीबाणीच्या काळातलं एक छोटं शहर, नववीचा वर्ग, मुकुंद जोशी आणि त्याची मित्रमंडळी. अर्धवट बांधलेल्या एका इमारतीत ही मुलं बसतात, तिथून रस्ता दिसतो आणि रस्त्यावरून क्लासला जाणाऱ्या मुली. मुकुंदला शिरोडकर आवडते आणि तिच्याशी एक साधं वाक्य बोलायला त्याला केवढी तयारी करावी लागते! मुलांची आपसातली भाषा, सरांच्या नकला, मुकुंदचा समजूतदार नरूमामा, सगळं इतकं जिवंत आहे की तीनशे पानं कशी सरतात ते कळत नाही. शेवट थोडा चटका लावणारा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. सुजय डहाके यांच्या याच नावाच्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण मुकुंदच्या डोक्यात सतत चाललेली बडबड पुस्तकातच भेटते.

कॉलेजात पाऊल ठेवणाऱ्यांना सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ (1982) कुणीतरी सुचवतंच. कट्ट्यावरची दोस्ती तिच्यात अफाट आहे, संवाद झणझणीत आहेत आणि 2013 च्या चित्रपटामुळे ती पुन्हा घराघरांत पोचली. मात्र ती पूर्णपणे हलकीफुलकी नाही. दारू, तुटलेली घरं आणि मृत्यूही तिच्यात आहे. मन आधीच उदास असेल, तर ती थोडी मागे ठेवावी.

बहिणी-बहिणींच्या घरात वाढलेल्या किंवा तशा घराची हौस असलेल्या मुलींसाठी ‘चौघीजणी’ आहे. लुइसा मे अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’चा शांता शेळके यांनी केलेला अनुवाद. मूळ पुस्तक 1868 चं, अमेरिकेतलं. पण शांताबाईंच्या मराठीत मेग, ज्यो, बेथ आणि एमी या चौघी आपल्याच वाड्यातल्या वाटतात. लेखिका व्हायचं स्वप्न पाहणारी, केस विस्कटून लिहीत बसणारी ज्यो कितीतरी मराठी मुलींची पहिली जिवाभावाची मैत्रीण झाली. मुलांनीही हे पुस्तक आवर्जून वाचावं, घरातल्या बहिणी वेगळ्या दिसू लागतील.

निखळ हसायचंच असेल, तर कादंबरीचा हट्ट सोडून पु. ल. देशपांडे यांचे ‘रावसाहेब’ वाचावेत. ‘गणगोत’मधलं हे व्यक्तिचित्र बेळगावच्या कृष्णराव हरिहर यांचं. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात प्राध्यापक होते, तिथं ही दोस्ती जुळली. कानडी वळणाची, लिंगभेद न मानणारी, शिवीशिवाय पुढं न सरकणारी रावसाहेबांची मराठी वाचताना बेळगावचा वाचक दुप्पट हसतो, कारण असे काका त्याच्या ओळखीत एक तरी असतातच.

आता सीमाभागातल्या मुलांची खास श्रीमंती. त्यांच्यातल्या अनेकांना कन्नड सहज वाचता येतं. पुण्या-मुंबईच्या मुलांना जे अनुवादाची वाट बघत वाचावं लागतं, ते यांना थेट मिळतं. पूर्णचंद्र तेजस्वी यांची ‘कर्वालो’ (1980) ही कन्नड कादंबरी त्यांनी या सुट्टीत जरूर मिळवावी. मुडिगेरेकडचा एक शेतकरी, कर्वालो नावाचे शास्त्रज्ञ, मधमाश्यांच्या नादी लागलेला मंदण्णा हा गावठी पोरगा आणि पश्चिम घाटाच्या रानात उडत्या सरड्याचा शोध. विज्ञान, थट्टा आणि जंगल यांचा इतका मोकळा मेळ भारतीय भाषांत क्वचितच सापडतो. खानापूर-जांबोटीच्या जंगलात भटकलेल्या मुलांना तर हे रान घरचंच वाटेल. दोन भाषांमधली ही ये-जा इथल्या मातीतच आहे. भैरप्पांसह अनेक कन्नड लेखकांना मराठीत आणणाऱ्या उमा कुलकर्णी यांचा जन्म बेळगावचाच.

निपाणीच्या मुलांची ये-जा तर पायांनीच चालते. तिथलं देवचंद कॉलेज अर्जुननगरला आहे आणि अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात. घर कर्नाटकात आणि वर्ग महाराष्ट्रात, असा रोजचा दिनक्रम. एका पिशवीत ‘शाळा’ आणि ‘कर्वालो’ दोन्ही मावण्याची शक्यता या रस्त्यावर जितकी आहे, तितकी इतरत्र कमीच.

पुस्तकं मिळणार कुठं, हा प्रश्न उरतो. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय 1848 पासून चालू आहे आणि यादीतली जुनी मराठी नावं मागायला पहिल्यांदा तिथं जावं. कडोली, उचगाव, येळ्ळूर, निपाणीकडं कारदगा अशा गावांत भरणाऱ्या मराठी साहित्य संमेलनांकडंही लक्ष ठेवावं. चार मित्रांनी मिळून लंपनचे चार भाग घेतले आणि फिरवले, तर एकाच्या खिशाला एका पुस्तकाचाच भार पडतो. चौघांच्या गप्पांत पुढचा महिनाभर ‘मॅडसारखं’ ऐकू येईल, तेवढी मात्र घरच्यांनी तयारी ठेवावी.

पुढच्या आठवड्यात तवंदी घाट उतरून निपाणीत जायचं आहे. तंबाखूच्या वखारी, मोटारींची गॅरेजं आणि त्यांत राबणारी माणसं ज्यांनी कथा-कादंबऱ्यांत आणली, ते महादेव मोरे अनेक वर्षं तिथं पिठाची गिरणी चालवत होते. 2024 मध्ये ते गेले. गिरणी चालवता चालवता त्यांनी काय आणि कसं लिहिलं, याबद्दल भाग 7 मध्ये.