वापरातील डेटाबेस आणि चाचणीचा डेटाबेस : एकरूपतेचा प्रश्न

बोलींचे नमुने, शब्दसूची व कोशनोंदी आता संगणकीय डेटाबेसमध्ये ठेवल्या जातात. आणि त्यांवर काम करणारी आज्ञावली निर्दोष आहे की नाही हे स्वयंचलित चाचण्यांनी तपासले जाते. परंतु चाचणी ज्या डेटाबेसवर चालते, तो वापरातील डेटाबेसप्रमाणेच वागतो काय, या प्रश्नाकडे पुष्कळदा दुर्लक्ष होते. प्रस्तुत टिपणात त्याचाच विचार करावयाचा आहे.

आज्ञावली पोस्टग्रेसवर चालवावयाची आणि चाचण्या मात्र सोयीसाठी एसक्यूलाइटवर घ्यावयाच्या, असा एक प्रघात आहे. दोहोंची प्रश्नभाषा एसक्यूएलच असल्यामुळे हा भेद निरुपद्रवी वाटतो. वस्तुतः तो तसा नाही. ‘काल’, ‘काळ’, ‘कास’ हे तीन शब्द घ्या. एसक्यूलाइट मूलतः केवळ बाइटांची तुलना करते; युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे असल्याने तेथे वरीलच क्रम मिळतो. मराठी वर्णमालेत मात्र ‘ळ’चे स्थान ‘ह’नंतर आहे. पोस्टग्रेसच्या १५व्या आवृत्तीपासून (२०२२) संपूर्ण डेटाबेसला आयसीयूचा मराठी वर्णक्रम लावता येतो. तो लावला असता ‘काल’, ‘कास’, ‘काळ’ असा क्रम येतो. म्हणजे आज्ञावलीतील प्रश्न अक्षरशः तोच असूनही उत्तरे दोन. अशा स्थितीत चाचणी उत्तीर्ण झाली, तरी कोशाच्या शब्दक्रमाविषयी तिने काहीच सिद्ध केलेले नसते.

हीच गोष्ट अन्यत्रही आढळते. स्तंभाला ठरवून दिलेली अक्षरमर्यादा पोस्टग्रेस पाळते, एसक्यूलाइट पाळत नाही. परकीय कळीचे बंधन एसक्यूलाइटमध्ये सामान्यतः प्रत्येक जोडणीच्या वेळी मुद्दाम चालू करावे लागते. अन्यथा निवेदकाचा पत्ता नसलेला बोलीनमुनाही बिनतक्रार स्वीकारला जातो. केवळ प्रणाली एक असूनही भागत नाही, आवृत्तीही एकच हवी. २०१८ साली ग्लिबसी या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत शब्दक्रमाचे नियम बदलले, तेव्हा तिच्यावर विसंबणाऱ्या पोस्टग्रेसच्या जुन्या अनुक्रमणिका नव्याने बांधणे आवश्यक ठरले.

मग सर्वच निर्देश समान ठेवावेत काय? तसेही नाही. स्वनिमविचारात आपण अर्थभेदक व अर्थनिरपेक्ष भेद वेगळे करतो. तोच विवेक येथे हवा. प्रणाली, तिची आवृत्ती, वर्णसंकेत, वर्णक्रम, कालविभाग व बंधने यांवर उत्तराचे स्वरूप अवलंबून असते. ती उभयत्र एकच असावीत. डेटाबेसचे नाव, पत्ता व परवलीचा शब्द मात्र भिन्नच असले पाहिजेत. कारण चाचण्या बहुधा तक्ते रिकामे करतात, आणि त्या चुकून मूळ संग्रहावर चालल्या तर वर्षांचे क्षेत्रकार्य नष्ट व्हावयाचे.

यासाठी तीन नियम पुरेसे आहेत. समान निर्देश एकाच ठिकाणी लिहावेत आणि भिन्न निर्देश परिवेशचलांतून घ्यावेत. चाचणीचे तक्ते स्वतंत्रपणे न रचता, मूळ डेटाबेस ज्या क्रमवार स्थलांतर-आज्ञांनी घडला त्यांनीच घडवावेत. आणि चाचण्यांच्या आरंभी डेटाबेसलाच त्याचे नाव, आवृत्ती व वर्णक्रम विचारून, अपेक्षित उत्तर न आल्यास काम तेथेच थांबवावे. यांतील तिसरा नियम सर्वांत अल्प श्रमाचा असून, नाव, आवृत्ती व वर्णक्रम अपेक्षेप्रमाणे आहेत की नाही याची ग्वाही तोच देतो.