पहिल्या स्की लिफ्टच्या एक वर्ष आधी धावलेली आपली माथेरानची गाडी

अंबरनाथ पश्चिमेला राहणाऱ्याला डोंगर काही नवा नाही. पावसानं हवा धुऊन निघाली की मलंगगड अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो आणि बदलापूरच्या पुढे गेलं की चंदेरीचा सुळका खिडकीत येतो. या डोंगरांवर पायपीट न करता पोचायची धडपड किती जुनी आहे, त्याचे काही भन्नाट किस्से आपल्याच कर्जत लाईनवर सापडतात.

आधी जरा लांबचा किस्सा. जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये शोलाख नावाचं गाव आहे. तिथे पाहुण्यांसाठी घर चालवणाऱ्या रॉबर्ट विंटरहाल्डरनं 1908 साली पाणचक्कीच्या जोरावर एक दोर फिरता ठेवला आणि पाहुणे तो धरून बर्फाच्या उतारावर वर जाऊ लागले. जगातली पहिली स्की लिफ्ट ती हीच, असं मानतात. आता आपली तारीख बघा. नेरळहून माथेरानची गाडी सुरू झाली 22 मार्च 1907 रोजी! अंबरनाथहून नेरळ म्हणजे बदलापूर, वांगणी, शेलू आणि मग चौथं स्टेशन.

खिसा मुंबईच्या शेटचा

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी मे 1850 मध्ये माथेरानचा डोंगर पाहिला आणि तिथे साहेबांची वस्ती सुरू झाली. पुढची पन्नासहून अधिक वर्षं नेरळहून वर जायचं म्हणजे घोडा, पालखी नाहीतर स्वतःचे पाय. ते बदललं मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घरानं. मुलगा अब्दुल हुसेन यानं कामाची धुरा घेतली, पैसा वडिलांचा. 1904 ला काम सुरू झालं, तीन वर्षांत गाडी डोंगरावर आणि खर्च सुमारे 16 लाख रुपये. डोंगरावरची रेल्वे म्हटली की आपण सगळं श्रेय गोऱ्या साहेबाला देऊन मोकळे होतो. इथे मात्र मुंबईच्या एका घरानं आपली तिजोरी उघडली होती आणि हे नेरळ स्टेशनात उतरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवं.

वळणारी चाकं

रूळ अवघे दोन फूट रुंदीचे. चढ काही ठिकाणी 1:20 इतका, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. बोरघाटातल्या मोठ्या गाडीचा चढ 1:37 आहे, त्यावरून अंदाज येईल. निलगिरीच्या गाडीला चढावर दात्यांचा रूळ लागतो. माथेरानची गाडी मात्र साध्या रुळावर, चाकांच्या पकडीवरच चढते. त्यासाठी मार्ग वळणावळणांनी लांबवत नेला आहे, जवळजवळ 21 किलोमीटर.

पण इतक्या तंग वळणांवर इंजिन रुळावर राहायचं कसं? उत्तर जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीनं बनवलेल्या वाफेच्या इंजिनात होतं. त्याला चाकांच्या तीन जोड्या. पुढच्या आणि मागच्या जोडीचा आस पोकळ नळीसारखा, आणि त्याच्या आत दुसरा आस. बाहेरची नळी आतल्या आसाभोवती थोडी सरकते, थोडी तिरकी होते. त्यामुळे इंजिन सरळ राहतं आणि चाकं तेवढी वळणाला जुळवून घेतात. शंभर वर्षांपूर्वीची ही करामत समजल्यावर मला त्या इंजिनापुढे हात जोडावेसे वाटले.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड. कित्येक वर्षं गाडीवर ब्रेक पोर्टर असत. ड्रायव्हरनं शिटी दिली की डब्यावरच्या माणसानं हातानं चाक फिरवून ब्रेक आवळायचा, दुसरी शिटी ऐकली की सैल सोडायचा. सगळ्या गाडीचा जीव त्यांच्या कानांवर आणि मनगटांवर. 2016 मध्ये डबे घसरल्यावर सेवा थांबली आणि मग गाडीला एअर ब्रेक आले.

वाटेतल्या बोगद्याचं नाव वन किस टनेल. लांबी किती असेल ते नावातच आलं!

घाट पुरा करणारी बाई

याच लाईनवर कर्जतच्या पुढे बोरघाटातला रेल्वेमार्ग 1863 ला पुरा झाला. त्याचं कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आलं आणि 1859 मध्ये, भारतात येऊन थोडे दिवस होतात न होतात तोच, ते वारले. पत्नी अ‍ॅलिस मागे हटली नाही. तिनं कंत्राट स्वतःच्या हाती घेतलं, जाणते इंजिनिअर नेमले आणि हजारो मजुरांचं ते काम तडीस नेलं. पुण्याची गाडी पकडणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

केळी आणि हिरकणी

आणि दोर धरून वर जाणाऱ्या त्या स्कीवाल्यांना पुढे बसायला खुर्ची कुठून मिळाली? अमेरिकेत युनियन पॅसिफिक रेल्वेचे इंजिनिअर जेम्स करन यांनी आधी जहाजात केळीचे घड चढवणाऱ्या यंत्रणेवर काम केलं होतं. तिथल्या आकड्यांच्या जागी त्यांनी खुर्च्या लटकवल्या आणि 1936 मध्ये सन व्हॅलीत जगातली पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली.

आपल्या रायगडाचा रोपवे 1996 चा. त्याचं खालचं स्टेशन हिरकणीवाडीत आहे. तान्ह्या बाळासाठी रात्री कडा उतरून गेलेली हिरकणी लोककथेत जिथली, तिथूनच आज पाळणा काही मिनिटांत वर जातो. सप्तशृंगगडावर 2018 पासून फनिक्युलर ट्रॉली, म्हणजे रुळांवरून दोरानं ओढली जाणारी गाडी आहे, आणि आपल्या मलंगगडाच्या उतारावरही फनिक्युलरचे रूळ पडले आहेत. गुडघे दुखणाऱ्या आज्यांना वर जाता यावं, यापेक्षा मोठं कारण कुठल्या रुळाला हवं?

माणसाच्या खांद्यावरून

गाडी आली तरी माथेरानात माणसानं माणसाला ओढणं थांबलं नाही. गावात मोटारींना बंदी, म्हणून हातरिक्षा. पुढे एक आणि मागे दोन माणसं, लाल मातीचा चढ आणि आत बसलेला प्रवासी. ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही प्रथा सहा महिन्यांत बंद करून ई-रिक्षा आणायला सांगितलं. ते ओढणारे हात बेकार होऊ नयेत म्हणून ई-रिक्षा त्यांच्याकडेच द्याव्यात, हा त्यातला मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

बाकी या चिमुकल्या गाडीचा चिवटपणा विलक्षण. 26 जुलै 2005 च्या पुरात रूळ वाहून गेले. शंभरी पुरी व्हायच्या आधी, 2007 मध्ये ती परत धावली. 2019 च्या पावसानं पुन्हा मार्ग उखडला, तर ऑक्टोबर 2022 मध्ये पुन्हा सुरू. पावसाळ्यात नेरळहून वर जाणारी गाडी बंद असते, पण डोंगरावरच्या अमन लॉज स्टेशनपासून माथेरानपर्यंत शटल चालू असतं. त्यामुळे जुलैत जायचं तर नेरळहून टॅक्सीनं, मोटारी जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत, आणि पुढे अमन लॉजला तिकीट काढायचं.