चौकटीत काय ठेवावे, काय कापावे? : गेटवे ऑफ इंडियाच्या छायाचित्राचा एक धडा

शिलालेख, ताम्रपट, नाणी आणि कागदपत्रे यांच्याप्रमाणेच छायाचित्र हेही इतिहासाचे साधन आहे. कोणत्याही साधनाची चिकित्सा केल्यावाचून ते स्वीकारू नये, असे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. छायाचित्राच्या बाबतीत या चिकित्सेचा पहिला प्रश्न असा की, चौकटीबाहेर काय राहिले? आज आपल्या प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. म्हणजेच आपण सारे इतिहासाची साधने निर्माण करीत आहोत आणि क्रॉप करण्याच्या सोयीने त्यांतील काही भाग क्षणार्धात वगळतही आहोत. हा वगळण्याचा व्यवहार समजून घेण्यासाठी मुंबईची गेटवे ऑफ इंडिया ही सर्वपरिचित वास्तू आपण उदाहरण म्हणून घेऊ.

राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी 2 डिसेंबर 1911 रोजी अपोलो बंदरावर उतरले, त्या प्रसंगाचे हे स्मारक.  परंतु राजाला प्रत्यक्षात पाहावयास मिळाली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. वास्तुविशारद जॉर्ज विटेट यांच्या आराखड्याला 1914 मध्ये मान्यता मिळाली, बांधकाम 1924 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच वर्षी 4 डिसेंबरला उद्घाटन झाले. पुढे 28 फेब्रुवारी 1948 रोजी ब्रिटिश सैन्याची अखेरची तुकडी याच कमानीखालून मायदेशी निघून गेली. स्वागतासाठी उभारलेले द्वार निरोपाचे द्वार ठरले. वास्तूवरील लेखात राजा-राणीची नावे आहेत. दगड घडविणाऱ्या पाथरवटांची आणि ओझी वाहणाऱ्या मजुरांची नाहीत. काय ठेवावे आणि काय वगळावे याचा एक निर्णय, म्हणजे, छायाचित्रकार तेथे पोहोचण्यापूर्वीच झालेला आहे.

आता प्रत्यक्ष छायाचित्राकडे वळू. प्रथम प्रकाशाचा विचार करावा. सूर्य बंदराच्या बाजूने उगवतो. त्यामुळे सकाळी जमिनीकडून पाहिल्यास कमान काळसर छायाकृतीसारखी दिसते आणि समुद्राकडील दर्शनी भाग उजळलेला असतो. दुपार कलल्यावर जमिनीकडील पिवळसर बेसाल्ट आणि त्यावरील कोरीवकाम स्पष्ट होते. दुसरी गोष्ट अंतराची. वास्तूची उंची सुमारे 26 मीटर आहे. अगदी जवळ उभे राहून मोबाइल वर कलवला, तर उभ्या रेषा माथ्याकडे एकमेकींच्या जवळ येतात आणि वास्तू मागे झुकल्यासारखी भासते. म्हणून शक्य तितके मागे जावे व मोबाइल सरळ धरावा. पडद्यावरील जाळीच्या रेषांचा आधार घेऊन समुद्राची रेषा आडवी राखावी. चारही बाजूंना थोडी मोकळी जागा सोडावी, कारण तिरपेपणा पुढे दुरुस्त करताना कडा कापल्या जातात.

याच वास्तूच्या तीन चौकटी कल्पून पाहू. पहिलीत केवळ कमान, घुमट आणि चार मनोरे आहेत. माणसे व पाणी कापून टाकले आहे. स्थापत्याच्या अभ्यासाला ही चौकट उपयुक्त आहे. तथापि माणूस नसल्याने वास्तू किती उंच हे कळत नाही आणि समुद्र नसल्याने ती द्वार का म्हणविते हेही कळत नाही. दुसरी चौकट घारापुरीहून परतणाऱ्या लाँचमधून घेतलेली. तीत पाणी, धक्का, कमान आणि शेजारचे ताजमहाल हॉटेल आहे. 1911 चे आगमन आणि 1948 चे प्रस्थान या दोहोंचा अर्थ या चौकटीतच उलगडतो. तिसरी चौकट जमिनीकडची, 1961 साली अनावरण झालेल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्यासह आणि गर्दीसह: शाळकरी मुले, फेरीवाले, पर्यटकांचे फोटो काढून पोट भरणारे छायाचित्रकार. साम्राज्याचे स्मारक लोकांच्या वावराचे ठिकाण कसे झाले, हे येथे दिसते. तिन्ही चौकटी खऱ्या आहेत, परंतु प्रत्येकीचे विधान वेगळे आहे. म्हणून आपणांस काय सांगावयाचे आहे हे आधी ठरवावे आणि मगच क्रॉप करावे.

क्रॉप करण्याला हिशेबाचीही बाजू आहे. 12 मेगापिक्सेलच्या छायाचित्रात साधारण 4000 गुणिले 3000 बिंदू असतात. रुंदी व उंची निम्मी केली की 2000 गुणिले 1500, म्हणजे केवळ 3 मेगापिक्सेल उरतात. निम्मे नव्हे, तीन चतुर्थांश छायाचित्र गेलेले असते. उत्तम छपाईसाठी एका इंचात 300 बिंदू धरले, तर मूळ छायाचित्र सुमारे 13 गुणिले 10 इंच छापता येते, कापलेले मात्र पावणेसात गुणिले 5 इंचांच्या आसपास. पूर्ण पानावर ते धूसर दिसेल.

अखेरीस एक विनंती. गावाहून मुंबईला कामधंद्यासाठी गेलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी याच कमानीपुढे उभे राहून फोटो काढून घेतले आणि गावी पाठविले. ज्या घरांत लिखित कागद थोडे, त्या घरांचा इतिहास अशा फोटोंतच आहे. कुटुंबाच्या संग्रहासाठी त्यांच्या प्रती करताना कडेला उभा असलेला अनोळखी माणूस, फोटोच्या मागील बाजूचा मजकूर वा स्टुडिओचा शिक्का कापू नका. क्रॉप करावयाचेच असल्यास ते प्रतीवर करा आणि मूळ अखंड जपा. स्थळ, वर्ष आणि प्रत्येकाचे नाव लिहून ठेवा. ज्याचे नाव आज आठवत नाही, ते घरातील वृद्धांना विचारा. ते सांगणारी माणसे आहेत तोवर हे काम करून घेतले पाहिजे.